बाबांचे फॉरवर्ड

‘फोंड्याहून बाबा रोज सकाळी काहीतरी फॉरवर्ड करतात. खोटं आहे असं दाखवलं की दोन दिवस अबोला. शिकलेली माणसं अशी कशी फसतात?’ इंग्लंडमधल्या स्विंडनहून एका लेकीने विचारलंय.

बाये, २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा कुठे होतं व्हॉट्सॲप? घरच्या फोनवरून बातमी पसरली आणि तुमच्या लंडनच्या देवळांतसुद्धा वाट्या-चमचे घेऊन रांगा लागल्या. रांगेत डॉक्टर-इंजिनिअरही होतेच की.

आता तुझ्या बाबांचा तो मासळीचा मेसेज घे. बांगड्याला फॉर्मेलीन, म्हणजे प्रेतं टिकवायचं रसायन, मारतात, खाऊ नका. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात खरंच तपासणी झाली, बाहेरची मासळी काही दिवस बंद झाली. आमच्या घरी तर कितीतरी दिवस नुस्तं, म्हणजे मासळी, शिजलं नाही. ती भीती मनात बसलेली असते, मग तिच्या आधाराने पुढचे दहा खोटे मेसेज खपतात. त्यात परत परत कानावर पडलेलं खरं वाटायला लागतं. १९७७ मध्ये अमेरिकेत हे तपासलं होतं: दोन-दोन आठवड्यांनी तीच विधानं ऐकवली, तर खोटी विधानंही लोकांना आधीपेक्षा खरी वाटू लागली. बाबांना तर एकच मेसेज एका सकाळी चार ग्रुपांतून येतो.

आणि तू चूक दाखवतेस कुठे? फॅमिली ग्रुपवर, आत्या आणि जावयांसमोर! तिथे मेसेज राहतो बाजूला, खोटे पडतात ते बाबा. माझ्या मुलाने मला असंच ग्रुपवर झापलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चार फॉरवर्ड पाठवले.

बाबांना काही बातमी द्यायची नसते गं. लेक लांब आहे, तिला सांभाळ म्हणायचं असतं, आणि हाताशी तेवढाच मेसेज असतो. पाठवताना खरं-खोटं डोक्यात येतच नाही. तूसुद्धा गोव्यातल्या पुराचा कुठलासा जुना व्हिडिओ बघून रात्री बाराला घरी फोन केला असशील.

ग्रुपवर काही लिहू नकोस. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला असतो, एवढं बाबांना सहज बोलता बोलता दाखवून ठेव. बाकी रविवारी फोन कर आणि आधी विचार, आज बांगडे कसे दिले बाजारात?