दुपारी मापात, सकाळी बारीक

प्रश्न : आमच्या सीएनसी लेथवर 4 मीटर लांबीच्या शाफ्टची 400 मि.मी. व्यासाची बेअरिंगची बैठक (बेअरिंग बसतं तो भाग) एम 6 मध्ये, म्हणजे घट्ट बसणीसाठी ठरलेल्या मापाच्या मर्यादेत, फिनिश केली. दुपारी माप बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाच्या इन्स्पेक्टरसमोर तेच माप 80 मायक्रॉन कमी भरलं. काका, दोष मशीनचा का? ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) 80 ने वाढवून ठेवू का?
– एक वर्कशॉपवाले, शिरोली (कोल्हापूर)

उत्तर : ऑफसेटला हात लावू नका. तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. असाच एक शाफ्ट उमेदीच्या काळात माझ्याही हातून वाया गेलाय.

मशीन बरोबर आहे, जॉब गरम होता. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. 400 च्या व्यासाला ते 4.6 मायक्रॉन पडतं. रफिंगनंतर (जाड कापणीनंतर) जॉब 45 अंशांवर असेल आणि सकाळी 27 वर आला असेल, तर 18 अंशांचे 83 मायक्रॉन झाले. तुमचे 80 तिथेच गेले. एम 6 ला या व्यासावर अधिक 21 ते अधिक 57 मायक्रॉन एवढीच जागा असते. आणि ऑफसेट वाढवून भागत नाही, कारण इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजला, कूलंट (गार ठेवणारं पाणी) कमी पडला की उष्णता बदलते.

रफिंगनंतर व्यासावर एक मि.मी. राखा आणि जॉब रात्रभर तसाच सोडा. डिलिव्हरीची घाई असते, मला माहीत आहे, तरी सोडा. त्याआधी जॉब स्टेडीवर (मधल्या आधारावर) नीट टेकलाय हे पाहून टेलस्टॉकचा (शेवटचं टोक दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब सैल करा. तेवढ्याच उष्णतेत 4 मीटरचा शाफ्ट 0.8 मि.मी. लांबतो, पुढे जायला वाव नसला की मधे बाक घेतो. सकाळी टेलस्टॉकचं सेंटर पुन्हा लावून डायलने जॉब सरळ फिरतोय का ते पाहा, मगच फिनिश.

मायक्रोमीटर आणि त्याची सेटिंग रॉड (मायक्रोमीटर जुळवायची प्रमाण मापाची दांडी) रात्रीच जॉबशेजारी ठेवा. चक पूर्ण थांबवून एक तळहात बैठकीवर आणि दुसरा लेथच्या बेडवर टेका. बैठक कोमट लागली तर माप घेऊच नका.

माप कमी पडलेला हा शाफ्ट ग्राहकाच्या डिझाइनवाल्यांना विचारल्याशिवाय वेल्डिंगने भरू नका. बैठकीच्या खांद्याला (व्यास बदलतो तिथे), रेडिअसपाशी (कोपऱ्याच्या गोलाईपाशी), ताण सगळ्यात जास्त येतो. वेल्डिंगची भेग तिथून सुरू झाली तर शाफ्ट चालत्या मशीनमध्ये तुटेल, आणि तिथे शेजारी माणसं उभी असतात.