अंड्यावरून लढाई, ती कोणाची?

प्रश्न: ताई, पोरगी आठवीत आहे, तिच्यासाठी बर्डीवरून गलिव्हरचं जुनं इंग्रजी पुस्तक आणलं, पूर्णवालं. मी लहानपणी मराठीत वाचलं होतं त्यात दोरांनी बांधलेला गलिव्हर एवढंच आठवते. ह्यात तर अंडं कोणत्या टोकानं फोडायचं ह्यावरून लढाई चालू आहे. पोरगी विचारते हे काहून लिहिलं, मले सांगताच येईना.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: पूर्ण आणलं ते फार बरं केलं. मुलांच्या आवृत्तीत नेमकं हेच कापतात आणि मग नुसती बुटक्यांची गंमत उरते, मला ह्याचा खरंच राग येतो. जोनाथन स्विफ्ट डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य पाद्री, पुस्तक १७२६ मध्ये लंडनला छापलं ते त्याचं नाव न टाकता, आणि लिलिपुट ह्या बुटक्यांच्या देशातली माणसं सहा इंचांची असली तरी भांडणं सगळी इंग्लंडची आहेत. मोठ्या टोकानं अंडं फोडणारे म्हणजे कॅथलिक, छोट्या टोकानं फोडणारे प्रोटेस्टंट, शेजारचं ब्लेफुस्कू म्हणजे फ्रान्स. ह्या वादात एका बादशहाचा जीव गेला न् दुसऱ्याचा मुकुट असं येते ना, ते इंग्लंडचे राजे पहिला चार्ल्स आणि दुसरा जेम्स. तिथले उंच टाचवाले आणि बुटकी टाचवाले असे दोन गट म्हणजे टोरी आणि व्हिग हे इंग्लंडचे दोन राजकीय पक्ष, आणि दोरीवर सगळ्यात उंच उडी मारणारा खजिनदार फ्लिमनॅप म्हणजे तेव्हाचा सर्वात ताकदवान मंत्री रॉबर्ट वॉलपोल. पण पोरीला तो आकडा नक्की दाखवा, छोट्या टोकानं अंडं फोडण्यापेक्षा ११,००० लोकांनी मरण पत्करलं. लिलिपुटात सगळं बारा पट लहान आहे, हा आकडा तेवढा लहान केलेला नाही.

आता आपल्या मारबतीचं बघा, तान्ह्या पोळ्याला आपण ज्याच्यावर राग आहे त्याचा हा एवढा मोठा पुतळा, बडग्या, करून महालातून मिरवत नेतो. स्विफ्टनं उलटं केलं, सत्तेतल्या माणसाला खिशात मावेल एवढा केला. तरी पहिला प्रकाशक घाबरलाच, बादशहा बक्षीस म्हणून निळे, लाल, हिरवे धागे देतो ते खऱ्या शाही सन्मानांचे रंग होते म्हणून त्यानं ते बदलून टाकले, १७३५ च्या डब्लिन आवृत्तीत परत आले. तुमच्या प्रतीत कोणते आहेत ते पोरीलाच शोधू द्या, तिसऱ्या प्रकरणात आहे, अंड्याचं चौथ्यात. आणि ती पहिल्या भागावर थांबली तर थांबू देऊ नका, दुसऱ्यात गलिव्हरच बुटका होते आणि राक्षसांचा राजा त्याच्याच तोंडून इंग्लंडची सगळी हकीकत ऐकून, त्याला हातात घेऊन, प्रेमानं कुरवाळत सांगतो की तुमच्यातली बहुतेक माणसं म्हणजे घाणेरडे किडे आहेत.