इराणी संविधानातला हक्क आणि नवऱ्याची सही

तुम्ही विचारलंय, ‘इस्लामी देशाच्या संविधानात स्त्रियांना हक्क असतात का आणि असले तर प्रत्यक्षात मिळतात का?’ सगळ्या देशांना एकच उत्तर लागू होणार नाही. मी इराणपुरतं सांगते. पुण्यात एम.ए. करताना माझी एक वर्गमैत्रीण इराणमधल्या शिराझ शहराची होती, तिच्यामुळे मी हे कायदे वाचायला लागले.

इराणच्या १९७९ च्या संविधानातलं कलम २० स्त्री-पुरुष दोघांनाही कायद्याचं समान संरक्षण देतं. कलम २१ तर स्त्रियांच्या हक्कांची जबाबदारी थेट सरकारवर टाकतं. पण दोन्हींना एक शेपूट आहे: ‘इस्लामी निकषांना धरून’. कलम ११५ म्हणतं, राष्ट्राध्यक्ष ‘रिजाल’मधून निवडावा. या अरबी शब्दाचा सरळ अर्थ पुरुष, पण मान्यवर व्यक्ती असाही लावता येतो. तोच अर्थ धरून १९९७ मध्ये माजी महिला खासदार आझम तालेघानींनी अर्ज भरला. तो फेटाळला गेला आणि आजवर एकाही बाईचा अर्ज मंजूर झालेला नाही.

रोजच्या जगण्यात मात्र आडवे येतात ते साधे कायदे. विवाहित बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी संमती लागते. हा नियम शहाच्या, म्हणजे इराणच्या शेवटच्या राजाच्या काळातला, १९७३ चा. १९७९ च्या इस्लामी क्रांतीने पुष्कळ काही उलथवलं, पण हा तसाच ठेवला! २०१५ मध्ये इराणच्या महिला फुटसाल (बंदिस्त मैदानावरचा छोटा फुटबॉल) संघाची कर्णधार निलुफर अर्दलान हिची मलेशियातली आशियाई स्पर्धा याच सहीपायी हुकली. मुलाच्या शाळेचा पहिला दिवस आहे, म्हणून नवऱ्याने संमती दिली नाही. संघ तिच्याविना जिंकून आला. ज्या बाईने देशाचं नेतृत्व करायचं, तिला घरातून परवानगी नाही, हे मला आजही सहन होत नाही.

माझ्या मैत्रिणीने लग्न ठरतानाच बंदोबस्त केला होता. तिथे लग्नाच्या करारनाम्यात छापील अटी असतात आणि नवरा एकेका अटीखाली सही करतो. परदेश प्रवास, शिक्षण, नोकरी, घटस्फोट यांचा अधिकार हवा असेल तर तो वेगळा लिहून नोंदवून घ्यावा लागतो. ‘आत्तापासूनच अविश्वास?’ असं सासरचे म्हणाले. तिचे वडील हटले नाहीत. त्या कागदाच्या बळावर ती पुण्याला शिकायला येऊ शकली.

असा कागद नसेल तर कोर्टाची पायरी चढायची. अर्दलानला पुढे ग्वाटेमालातल्या स्पर्धेला जाता आलं, पण न्यायालयाची ती परवानगी त्या एकाच प्रवासापुरती होती.