ब्रेसेस लावलेले असताना स्केलिंग करून घ्यावे का, आणि किती अंतराने?

होय, ब्रेसेस असताना स्केलिंग (दातांवरचे कीटण काढणारी सफाई) अवश्य करून घ्यावे, आणि साधारणपणे दर ३ ते ६ महिन्यांनी. ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) आणि तारेच्या कडांना जिवाणूंचा थर चिकटून राहतो व तेथे ब्रश नीट पोहोचत नाही. त्यामुळे हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि ब्रॅकेटभोवती उमटलेले पांढरे डाग ब्रेसेस काढल्यावरही राहू शकतात. स्केलिंगने दात सैल होतात ही समजूत चुकीची आहे, कारण त्यात केवळ साचलेले कीटण निघते. मात्र मधुमेह असल्यास किंवा हिरड्या आधीच खाली सरकल्या असल्यास हे अंतर डॉक्टरांनीच ठरवावे. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्स (दात सरळ करण्याचे उपचार) आणि हिरड्यांचे विकार असे दोन्ही विभाग आहेत, त्यामुळे तार काढून सफाई करायची असल्यास ते सोयीचे पडते.