बोर्डावर नाव मालकाचं, पण साईटवर कोण आहे?

गेल्या अंकात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगच्या धंद्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि भरपूर आले. मी सांगली जिल्ह्यात याच लाईनमधे अठ्ठावीस वर्षं आहे, हेल्पर म्हणून पोलाचे खड्डे काढण्यापासून सुरुवात केली, मग वायरमन, मग सुपरवायझर, आता स्वतःचं लायसन. जे स्वतः केलंय त्यावरूनच उत्तरं देतोय.

कुपवाडला आमचं छोटं मशीन शॉप आहे. नवीन शेडचं वायरिंग आणि पॅनेल करायचंय, तीन कंपन्यांची कोटेशनं आलीत, रेटमधे फार फरक नाही. चांगली कंपनी कशी ओळखायची?

रेट बाजूला ठेवा आणि तिघांना एकच विचारा, माझ्या साईटवर सुपरवायझर कोण असणार आणि तो मला या आठवड्यात भेटेल का. मालक गोडच बोलणार, मीही बोलतो, पण तुमच्या केबलला लग, म्हणजे टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, दाबणारा माणूस मी नसतो. कायदापण हेच सांगतो, १९५६ च्या वीज नियमांपासून आहे आणि २०२३ च्या नव्या सुरक्षा नियमांतही आहे की काम लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरनंच करायचं आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली करायचं. थेट म्हणजे तो तिथं उभा पाहिजे.

मग त्यांचं एखादं जुनं काम बघायला जा आणि सप्लाय बंद करून पॅनेल उघडायला लावा. लग क्रिम्पिंग टूलनं दाबलाय की हातोडीनं ठोकलाय ते साध्या डोळ्यांनी दिसतं. केबल मोठी आणि लग लहान आणला असेल तर काही लोक केबलच्या चार-पाच तारा कापून टाकतात आणि उरलेल्या लगमधे घुसवतात, वरून टेप मारली की कोणाला कळत नाही, पण एप्रिल-मेमधे फुल लोडवर तोच जॉइंट तापतो, इन्सुलेशन तपकिरी होतं, कडक होतं आणि एक दिवस पॅनेल जळतं. वायरला नंबराचे फेरुल, म्हणजे ओळखीच्या छोट्या रिंगा, आहेत का, केबल ग्लँडमधून, म्हणजे तिला घट्ट धरणाऱ्या बुचातून, आत घेतलीय का नुसतंच पत्र्याला भोक पाडून, हेपण बघा.

२०१९ च्या ऑगस्टमधे महापूर आला तेव्हाची गोष्ट सांगतो. पाणी उतरल्यावर एका गिऱ्हाईकाला त्याच दिवशी कारखाना चालू करायचा होता, त्याचंही बरोबर होतं, कामगार बसून होते. आमच्या तात्यांनी, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या सुपरवायझरनी, ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला तर काटा शून्यावर. निदान एक मेगाओहम तरी यायला पाहिजे. मालक चिडला, मला फोन केला, मीसुद्धा क्षणभर म्हणालो की तात्या बघा काही होतंय का. ते म्हणाले, सही माझी आहे, देणार नाही. पाण्यात बुडालेले सगळे एमसीबी काढून फेकले, मोटारी वाइंडिंगवाल्याकडे पाठवल्या, पॅनेल उघडं ठेवून हॅलोजन लावून वाळवलं आणि रोज सकाळी मेगर करून रीडिंग वहीत पेन्सिलनं लिहिलं. पाचव्या दिवशी चार्ज केलं, म्हणजे सप्लाय दिला. असा माणूस ज्या कंपनीत आहे आणि ज्याचं मालकाला ऐकावं लागतं, तिला काम द्या.

माझ्याकडे सुपरवायझरचं प्रमाणपत्र आहे. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, तुम्ही यायची गरज नाही, फक्त नाव आणि सही द्या, महिन्याला ठरलेले पैसे देतो. घरात पैशाची गरज आहे, काय करू? (वाचक, विटा)

नको मित्रा. गरज असते ते मला माहितीये, मलापण अशी ऑफर आली होती, मुलगी लहान होती तेव्हा, म्हणून हे वरवरचं सांगत नाहीये. टेस्ट रिपोर्टवर तू सही करतोस म्हणजे हे वायरिंग मी तपासलं, इन्सुलेशन बघितलं, अर्थिंग मोजलं असं तू सांगतोस, त्या कागदावर विश्वास ठेवून कनेक्शन मिळतं आणि त्या घरात माणसं राहायला जातात. उद्या तिथं कोणी चिकटलं तर विद्युत निरीक्षक पहिलं तुझंच नाव काढणार, आणि तू तर ते घर बघितलेलंही नसणार. प्रमाणपत्र जाईल ते वेगळंच, झोप जाईल. त्याच कॉन्ट्रॅक्टरला उलटं सांग, आठवड्यातून तीन दिवस साईटवर येतो आणि त्याचा पगार दे. नाही म्हणाला तर दुसरीकडे विचार, खऱ्या सुपरवायझरची टंचाई आहे, काम मिळेल.

मी बीकॉम आहे, मिरजेत एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसमधे बिलिंगची नोकरी मिळतेय. घरचे म्हणतात त्यात काय फ्युचर. सर, जॉइन करू का?

कर, आणि नुसतं टायपिंग करत बसू नकोस. कंपनी करंटनं नाही तर बिलानं चालते हे मी फार उशिरा शिकलो. काम झालं म्हणजे पैसे आले असं नसतं, आधी साईटवर मोजमाप, मग ते एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, चढणार, मग रनिंग बिल (काम चालू असतानाचं बिल), त्यातून टीडीएस आणि रिटेन्शन (हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम) कापून उरलेलं कधीतरी खात्यावर, आणि इकडे वायरमनचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचाच. आमच्याकडच्या बिलिंगवाल्या मॅडम स्वतः साईटवर जातात, ड्रमवर किती मीटर केबल आली, किती टाकली, किती तुकडे उरले हे स्टोअरच्या वहीशी ताडून बघतात. एकदा त्यांना एका बिलात जमिनीखालच्या केबलचं माप कमी दिसलं, खड्डा तर बुजलेला, आता सिद्ध कसं करणार. पण त्यांनी सुपरवायझरला आधीच सवय लावलेली होती की केबलवर दर मीटरला छापलेला आकडा असतो त्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा फोटो काढायचा, ते दोन फोटो दाखवले आणि बिल दुरुस्त होऊन आलं. त्या दिवशी त्यांनी कंपनीला वाचवलं असं मी सगळ्यांसमोर म्हणालो आणि आजही म्हणतो. सहा महिन्यांत एस्टिमेट वाचायला शीक, मग घरचे विचारणार नाहीत.

मिक्सरला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो चप्पल घालून वापरा. (गृहिणी, तासगाव)

ताई, मिक्सर आजपासून बंद. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, बसवून घ्या, आणि वायरमन दुसरा बोलवा, परमिट असलेला.

माझा मुलगा आयटीआय करून एका कंपनीत लाईनच्या कामाला लागलाय. निसर्ग वादळानंतर कोकणात बाहेरच्या टीम पोल उभे करायला गेल्या होत्या तशा कामावर तोपण जाणार म्हणतो. पोलावर चढतो, माझा जीव खालीवर होतो. त्याला काय सांगू?

ताई, तुमची भीती खरी आहे, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जून २०२० मधे रायगडात पडलेले पोल बघितले की कळतं, अशा पोरांशिवाय गावात लाईट येत नाही. त्याला चार गोष्टी विचारा, आई म्हणून विचारलं तर तो ऐकेल. सबस्टेशनचं परमिट, म्हणजे लाईन बंद करून काम करायची परवानगी, लेखी घेतलंस का आणि ते कोणाच्या हातात आहे. एबी स्विच, म्हणजे लाईन तोडायचा पोलावरचा स्विच, उघडून कुलूप लावलं का. तारेत करंट नाही हे टेस्टरनं बघितलं का. आणि डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीला जोडणारा दांडा, कामाच्या दोन्ही बाजूंना लावला का, आधी जमिनीला आणि मग तारेला, काढताना उलटं, आधी तारेवरून. लोक म्हणतात शटडाऊन घेतलाय मग कशाला, पण कोणाच्या तरी घरातला जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असतो आणि बंद लाईनमधे मागून करंट येतो, त्यात चांगली हुशार पोरं गेलीत.

आणि अजून एक, पंधरा मिनिटांनी चालू करा असं ठरवून कधी काम करायचं नाही. परमिट ज्यानं घेतलं त्यानंच खाली उतरून, सगळी माणसं मोजून, रॉड काढून परत करायचं. त्याच्या सुपरवायझरचा नंबर तुमच्याकडे लिहून ठेवा आणि तो घाई करणारा आहे का हे मुलाला शांतपणे विचारा. घाई करणारा असेल तर कंपनी बदलायला सांगा, पगार कमी मिळाला तरी चालेल.