किडनी बसवल्यावर त्वचेची तपासणी कशासाठी?

प्रश्न : ह्यांना किडनी बसवून सात वर्षं झाली. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे, तब्येत सुधारल्यापासून हे पुन्हा बागेत जातात. आता डॉक्टर म्हणतात, त्वचाही दाखवून घ्या. त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांना होतो ना?

उत्तर : ताई, डॉक्टरांचं ऐका. सावळ्या त्वचेला धोका पुष्कळ कमी असतो हे खरं, पण तो शून्य नसतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. उन्हाने बिघडलेल्या पेशी एरवी हीच शक्ती हुडकून मारते, कॅन्सरला हातभार लावणाऱ्या चामखिळीच्या विषाणूंनाही तीच आवरते. त्यात अझाथायोप्रिन ही गोळी चालू असेल तर त्याचा अंश पेशींच्या डीएनएत शिरतो आणि उन्हातल्या यूव्हीए किरणांची इजा वाढते. गोळ्या जितकी वर्षं चालतात तितका धोका साठत जातो. म्हणून गोळी मात्र मनाने बंद करू नका, किडनी गमवाल. औषध बदलायचं की मात्रा कमी करायची, हे किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

बागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचे दिवस सगळ्यात वाईट. मांडवावर पान नसतं, म्हणजे सावलीही नाही. काम सकाळी १० च्या आत किंवा ४ नंतर ठेवा. गांधी टोपीने कान आणि मान उघडीच राहते. रुंद काठाची टोपी किंवा मोठं उपरणं हवं, अंगात घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. सनस्क्रीन एसपीएफ ५०. दोन बोटांवर लांबीभर मावेल एवढं चेहऱ्याला, तेवढंच मानेला आणि कानांना, निघण्याआधी २० मिनिटं, मग दर दोन तासांनी. सकाळी एकदाच पातळसा हात फिरवला तर उपयोग होत नाही. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडू शकतं. ते रक्तात तपासून घ्या.

आपल्या त्वचेत हा आजार झाकलेल्या जागीही निघतो. त्यामुळे महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं, ओठ, जांघा आणि गुप्तांगही पाहायचं. लाज वाटते म्हणून हीच जागा राहून जाते. चार आठवड्यांत न भरलेली जखम, दुखणारी किंवा झपाट्याने वाढणारी खरबरीत गाठ, नखातली रुंदावणारी काळी रेघ, भाजल्याच्या जुन्या व्रणावर नव्याने आलेला फोड, यांपैकी काहीही दिसलं तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चामखिळीला केस बांधणं, चुना लावणं अजिबात नको. आत काय आहे ते बायोप्सीशिवाय, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय, कळत नाही. काही दिसलं नाही तरी वर्षातून एकदा पूर्ण अंगाची तपासणी करून घ्याच.

प्रश्न : सासूबाई डायलिसिसवर आहेत. अंग काळवंडलंय, सारखी खाज येते. हा कॅन्सर असेल का?

उत्तर : बहुतेक नाही. डायलिसिसमध्ये कोरडी त्वचा, खाज, काळेपणा हे नेहमीचंच. आंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. रक्तातला फॉस्फरस वाढलेला नाही ना, डायलिसिस पुरेसं होतंय ना, हे डॉक्टरांना विचारा. खाजवून झालेली जखम महिनाभरात भरली नाही तर मात्र दाखवा. पुढे प्रत्यारोपण ठरत असेल तर त्वचेची तपासणी त्याआधीच उरका.