आईबाबा विचारतात: "आई, पाणी किती फूट झालं?"

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मुलगी सहावीत आहे. २०१९ च्या महापुरात ती जेमतेम पाच वर्षांची होती, आम्हाला बोटीतनं बाहेर काढलेलं. आता जुलै लागला की दर तासाला विचारते, आई आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट झालं? बाहेर ऊन असलं तरी. रात्री आमच्यात येऊन झोपते, वह्यापुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून कपाटावर ठेवते. घरातले म्हणतात नाटकं आहेत, लक्ष देऊ नको. काय करू सुचेना.

उत्तर: नाटकं नाहीत हो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं आणि त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलेलं तिने डोळ्यांनी बघितलंय. जुलैत आपण मोठी माणसं पण दिवसभर तेच बघत बसतो, फक्त आपण त्याला अपडेट म्हणतो आणि पोरीने विचारलं की नाटकं.

पाच वर्षांच्या लेकराला तेव्हाचं सगळं नीट सांगता येत नाही, पण पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, ओल्या भिंतीचा वास आला की ती भीती तशीच्या तशी वर येते. म्हणून "काही होत नाही, गप झोप" हे तिला पटणारच नाही, कारण एकदा झालंय ना! पण दर वेळी फोन बघून आकडा सांगणं हाही उपाय नाही, त्याने दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग परत तोच प्रश्न, उलट विचारायची सवय पक्की होते. त्यापेक्षा वेळ ठरवा. सकाळी शाळेआधी एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा दोघींनी मिळून बघायचं, तिने वहीत लिहायचं. मधे विचारलं तर शांतपणे एवढंच म्हणायचं, सातला बघू. पहिले तीनचार दिवस जास्त चिडेल, रडेल, तेव्हा तुम्ही ढिल्या पडू नका.

दुसरं म्हणजे तिच्या त्या पिशवीला हसू नका. उलट तिला घेऊन बसा आणि कागदावर लिहा, किती फुटाला गाडी हलवायची, किती फुटाला मिरजेला मामाकडे जायचं, कागदपत्रं कुणी घ्यायची, मांजर कुणी उचलायचं. भीती वाटतीय आणि करायला काहीच नाही, हे लेकराला फार जड जातं, हातात काम दिलं की ती निम्म्यावर येते. आणि हॉलमधे बसून "अगं कोयना धरणातनं किती पाणी सोडलं" असं मोठ्याने फोनवर बोलणं आणि जुने पुराचे व्हिडिओ, दोन्ही बंद, आतल्या खोलीत पोरगी सगळं ऐकत असते.

रात्री घाबरली तर गरम चहावर फुंकर घालतो तसा लांब श्वास सोडायला शिकवा, तिच्याबरोबर तुम्ही पण करा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा म्हणजे छातीतली धडधड हळूहळू उतरते. तिची गादी आधी तुमच्या पलंगाशेजारी, मग दर आठवड्याला थोडी थोडी दाराकडे सरकवा. एवढं करूनही दोनतीन आठवड्यांत फरक नाही, शाळा बुडायला लागली, जेवण कमी झालं तर मात्र वाट बघू नका. सिव्हिल हॉस्पिटलमधे मानसोपचाराची ओपीडी असते, आणि १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: मुलगा दहावीत. रोज सकाळी सात वाजता पोटात दुखतं, रविवारी मात्र मिसळ हाणतो. खोटं बोलतोय का? (एक बाबा, मिरज)

उत्तर: दुखतं खरंच. ताण आला की त्याचा परिणाम सरळ पोटावर होतो, आपल्याला नाही का इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी तीनदा जावं लागत. आधी एकदा डॉक्टरला दाखवा, वजन कमी होत असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल तर नक्कीच. सगळं नॉर्मल निघालं तर शोधायचं की शाळेत नक्की काय आहे, एखादा विषय, एखादे सर, की बसमधली पोरं. समोर बसवून विचारू नका, गाडीवरनं जाताना विचारा, पोरं पाठीमागे बसली की बोलतात, माझा स्वतःचा अनुभव आहे. घरी मात्र ठेवू नका, एक दिवस ठेवलं की दुसऱ्या दिवशी जाणं अजून अवघड होतं, उशिरा का होईना पाठवा. आणि या वयात ८ ते १० तास झोप लागते. रात्री बारापर्यंत क्लासचा होमवर्क आणि पहाटे पाचला उठवणं, हे गणित काही जुळत नाही बघा.

प्रश्न: नातू अकरावीत आहे. सारखा चिडतो, खोलीचं दार लावून बसतो, कबड्डी सोडली. परवा म्हणाला, मी नसलेलाच बरा. सून म्हणते वयच तसलं आहे. (आजोबा, तासगाव)

उत्तर: आजोबा, चिडणं आणि दार लावणं वयाचं असेल, पण आवडीचा खेळ सुटला आणि वर हे वाक्य, मग हे वयावर सोडायचं नाही. मोठी माणसं उदास झाली की गप होतात, पोरं बऱ्याचदा चिडतात, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. आजच त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "बाळा, जीव द्यायचे विचार येतात का रे?" विचारल्याने डोक्यात घुसत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरगं मोकळं होतं. हो म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका, त्याला एकटं सोडू नका. शेतीची औषधं घरात असतील तर आत्ताच कुलपात टाकून किल्ली तुमच्या कमरेला ठेवा, आणि उद्यावर न ढकलता डॉक्टरकडे न्या. सुनेला हे उत्तर वाचायला द्या.